रॉकेट इंजिनाच्या टेस्ट स्टँडचं इन्स्ट्रुमेंटेशन: नागपुरातल्या नव्या टीमसाठी

कॉलेजच्या रॉकेट टीममध्ये प्रत्येकाला इंजिन बनवायचं असतं. सेन्सर, वायरिंग आणि व्हॉल्व्हचं काम मात्र शेवटी दुसऱ्या वर्षातल्या दोघा-तिघांच्या गळ्यात पडतं. हा लेख त्या दोघा-तिघांसाठी आहे.

इथे लहान हायब्रिड (घन इंधन, पण ऑक्सिडायझर वेगळ्या टाकीत) किंवा द्रव-इंधन इंजिनाचा स्टँड, म्हणजे इंजिन जागेवर धरून चाचणी घ्यायची चौकट, गृहीत धरला आहे: थ्रस्ट (इंजिनाचा जोर) ३०० न्यूटनपर्यंत, टाकीतला दाब २० बार. सगळी कामं पाणी आणि नायट्रोजनवर करायची आहेत. इंधन पेटवायचा भाग या लेखात मुद्दामच नाही. थंड चाचणीत ज्या स्टँडचे आकडे जुळत नाहीत, तो पेटवून काही कळत नाही, उलट धोका तेवढा वाढतो.

१. आधी कागद, मग पाना

नागपूरच्या टीमला एक सोय आहे. स्फोटकं, दाबाखालची भांडी आणि गॅस सिलिंडर यांचे नियम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय इथेच, सेमिनरी हिल्सला आहे. पण कार्यालय गावात आहे म्हणून नियम सैल होत नाहीत. घन प्रोपेलंट (रॉकेटचं जळणारं मिश्रण) बनवणं, साठवणं, नेणं हे १८८४चा स्फोटक कायदा आणि २००८चे स्फोटक नियम यांच्या कक्षेत येतं. 'शैक्षणिक प्रयोग' असं अर्जावर लिहिल्याने परवान्याची गरज संपत नाही. हॉस्टेलच्या खोलीत किंवा गावाकडच्या शेतात तर हा उद्योग करूच नका. सिलिंडरला २०१६चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात, त्यामुळे नायट्रोजन अधिकृत विक्रेत्याकडूनच, चाचणीची तारीख कोरलेल्या सिलिंडरमध्ये घ्या.

काम सुरू करण्याआधी फाइलमध्ये एवढं हवं:

- विभागप्रमुखांची लेखी परवानगी, जागा आणि वेळेसह
- गाइडची सही असलेला पाइपिंगचा आराखडा (पी अँड आयडी)
- प्रत्येक भागाचा कमाल कामकाजी दाब लिहिलेला तक्ता
- टाकी आणि पाइपच्या पाण्याच्या दाबचाचणीची नोंद
- सेन्सरची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं
- चाचणीची क्रमवार चेकलिस्ट आणि 'काही बिघडलं तर' याचं वेगळं पान

तक्त्यात सगळ्यात कमी दाबाचा जो भाग असेल, तोच तुमच्या पूर्ण सिस्टिमचा दाब. शंभर बारचे फिटिंग आणि मध्येच दहा बारचा पारदर्शक पाइप, हे अनेक स्टँडवर दिसतं.

२. सामान

- एस टाइप लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर), ५० किलो, संवेदनशीलता २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट
- प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून विद्युतप्रवाहाच्या रूपात पाठवणारा सेन्सर), ४-२० मिलिअँपिअर, ०-४० बार, निदान तीन नग
- के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी), आवरण असलेलं, जंक्शन (तारांचा जोड) आवरणापासून वेगळं ठेवलेलं
- २४ व्होल्ट डीसी सोलेनॉइड (विजेने चालणारे) व्हॉल्व्ह: मुख्य लाइनला नॉर्मली क्लोज्ड (वीज नसताना बंद), व्हेंटला म्हणजे दाब बाहेर सोडायच्या वाटेला नॉर्मली ओपन (वीज नसताना उघडा)
- २२ बारला आपोआप उघडून जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह
- १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या, सिरीजमध्ये
- खटका बसणारं लाल इमर्जन्सी बटण, होल्डिंग रिले, फ्यूज
- शील्ड असलेली ट्विस्टेड पेअर केबल, फेरूल (वायरच्या टोकाला बसणारी टोपी), वायर क्रमांकाच्या रिंगा

इलेक्ट्रॉनिक्सचं किरकोळ सामान बर्डीत मिळतं, नट-बोल्ट आणि पाना-पक्कड इतवारीत, आणि टर्निंग-वेल्डिंगसाठी हिंगणा एमआयडीसीतली वर्कशॉप बरी. ट्रान्समीटर आणि लोड सेल मात्र डेटाशीट देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. डेटाशीट नसलेला सेन्सर फुकट मिळाला तरी महाग पडतो.

टाकीबद्दल एक ताकीद. पीव्हीसी पाइपमध्ये दाबाखालचा गॅस भरू नका, तो फुटला की त्याच्या धारदार चिपा उडतात. जुन्या अग्निशामकाच्या सिलिंडरला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून टाकी बनवणं हाही तितकाच वाईट विचार आहे.

३. लोड सेल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

अपेक्षित कमाल थ्रस्टच्या दीड ते दोन पट क्षमतेचा सेल घ्या. ३०० न्यूटन म्हणजे साधारण ३० किलो, म्हणून ५० किलोचा. 'सुरक्षित राहील' म्हणून ५०० किलोचा घेतला, तर तुमचा सगळा सिग्नल त्याच्या पट्ट्याच्या तळाशी सहा टक्क्यांत मावेल.

२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टच्या सेलला ५ व्होल्ट दिले की पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट मिळतात. हा सिग्नल थेट डीएक्यू कार्डला (सिग्नल मोजून नोंदवणाऱ्या कार्डला) जोडणं ही नेहमीची चूक. समजा कार्ड १४ बिटचं आहे आणि त्याची सगळ्यात लहान रेंज उणे १ ते अधिक १ व्होल्ट. एक पायरी ०.१२ मिलिव्होल्टची झाली. म्हणजे पूर्ण ५० किलोला फक्त ८२ पायऱ्या, एका पायरीला ६०० ग्रॅम! मध्ये सिग्नल मोठा करणारा इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर हवाच.

स्वस्तातला एचएक्स७११ मॉड्यूल २४ बिटचा आहे, पण वेग सेकंदाला १० किंवा ८० नमुने एवढाच. बाजारातली बरीच मॉड्यूल १० वर जोडलेली येतात. दोन सेकंदांच्या फायरिंगमध्ये वीस बिंदू मिळाले, तर सुरुवातीचा झटका कुठल्या कुठे निघून जातो. वजनकाट्याला हा मॉड्यूल ठीक, थ्रस्टला नाही. सेकंदाला निदान १००० नमुने घेता येतील असा अॅम्प्लिफायर आणि एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) निवडा.

आता स्टँडची स्वतःची थरथर. ५० किलोचा सेल पूर्ण भाराला ०.३ मिलिमीटर दबत असेल, तर त्याचा ताठरपणा मीटरला साधारण १६ लाख न्यूटन. त्यावर इंजिन आणि ते धरणारा पाळणा मिळून ५ किलो ठेवले की नैसर्गिक कंपनसंख्या ९० हर्ट्झच्या आसपास येते. दोन्ही मिळून १० किलो झाले तर ती ६४वर घसरते. त्याहून वेगवान असं काहीही हा स्टँड खरेपणाने दाखवू शकत नाही, एडीसी कितीही भारी असो. तपासणी सोपी आहे: रेकॉर्डिंग सुरू करा, रबरी हातोडीने पाळण्यावर एक हलकी टिचकी मारा आणि आलेख मोठा करून पाहा. घंटेसारखी विरत जाणारी लाट दिसेल. दोन शिखरांमधला वेळ सेकंदांत मोजा, एकाला त्याने भागलं की तुमच्या स्टँडची कंपनसंख्या मिळते. फायरिंगच्या आलेखात नेमकी तीच संख्या दिसली, तर ते 'कम्बशन इन्स्टॅबिलिटी' (ज्वलनातली अस्थिरता) नाही, तुमचं लोखंड वाजतंय.

कॅलिब्रेशन सेल टेबलावर ठेवून करू नका. स्टँडवर, सगळे पाइप जोडलेले असताना करा, कारण पाइपही थोडा थ्रस्ट स्वतःवर घेतो. लवचीक होज दाबाखाली ताठ होते, म्हणून एकदा दाब नसताना आणि एकदा २० बारवर. वजनं वैधमापन विभागाचा शिक्का असलेली घ्या. ०, ५, १०, १५, २० किलो असं चढत जा आणि त्याच पायऱ्यांनी उतरा. चढताना १० किलोला आलेला आकडा आणि उतरतानाचा आकडा यांत १०० ग्रॅमहून जास्त फरक दिसला, तर सेलला दोष देण्याआधी पाळण्याची बेअरिंग आणि, स्टँड आडवा असेल तर, वजनं लटकवायची पुली तपासा. घर्षण बहुधा तिथेच असतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी अहवाल तपासणारे हमखास विचारतात. नागपूरला गुरुत्वत्वरण ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, पुस्तकातलं ९.८०६६५ नाही. २० किलोचं वजन इथे १९५.७ न्यूटन भरतं, १९६.१ नाही. फरक ०.२ टक्के, पण फुकटात सुधारता येतो. स्पेसिफिक इम्पल्स (इंधनाच्या मानाने किती जोर मिळतो याचं माप) काढताना मात्र ठरलेला ९.८०६६५च वापरायचा.

४. दाब

०.५ ते ४.५ व्होल्टचे स्वस्त सेन्सर टेबलावर चालतात. तीस मीटर केबल आली की ४-२० मिलिअँपिअर घ्या. वायर तुटली तर शून्य मिलिअँपिअर दिसतो, शून्य बारला ४ दिसतो. 'दाब नाही' आणि 'सेन्सर नाही' यातला फरक कळणं दाबाखालच्या टाकीजवळ जाताना फार मोलाचं आहे. सॉफ्टवेअरमध्ये ३.६ मिलिअँपिअरखाली गेलं की लाल सूचना आलीच पाहिजे. २५० ओहमचा रेझिस्टर लावला की १ ते ५ व्होल्ट मिळतात. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर १५० ओहम लावा, ०.६ ते ३ व्होल्ट येतील.

गेज सेन्सर उघड्या हवेत शून्य दाखवतो, अॅब्सोल्यूट (निर्वातापासून मोजणारा) सेन्सर नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, त्यामुळे इथे अॅब्सोल्यूट सेन्सर मोकळा ठेवला तर ०.९७ बारच्या आसपास दाखवेल. तो १.०१ला आणायला ट्रिमर फिरवत बसू नका.

आटे हा सगळ्यात मोठा सापळा. पाव इंची बीएसपीला (ब्रिटिश पद्धतीचे पाइपचे आटे) इंचाला १९ आटे, पाव इंची एनपीटीला (अमेरिकन पद्धत) १८. एकात दुसरा दीड-दोन फेरे अगदी बिनबोभाट जातो, मग जड होतो. तिथे टेफ्लॉन टेप वाढवून आणि पाना लांब करून बसवलेला जोड पाच बारला टिकतो आणि अठरा बारला सुटतो. हाताने निदान चार फेरे सहज गेले नाहीत तर थांबा, थ्रेड गेज लावा. समांतर बीएसपी आट्याला गळती थांबवण्यासाठी टेप नाही, बॉन्डेड वॉशर लागतो. एनपीटीला टेप चालते, पण पहिले दोन आटे मोकळे सोडून. टेपचा तुकडा सुटून सोलेनॉइडच्या सीटवर बसला की व्हॉल्व्ह बंद होत नाही.

सेन्सर उष्णतेपासून दूर न्यायला लांब बारीक नळी लावली, तर तीच नळी शिट्टी होते. एक मीटर हवेच्या नळीची कंपनसंख्या ८५ हर्ट्झ. नळी ३० सेंटिमीटरची केली तर २८० हर्ट्झपर्यंत जाते.

५. तापमान

के टाइप थर्मोकपल अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट देतं. तीन मिलिमीटर जाडीचं आवरण असेल तर त्याला प्रतिसाद द्यायला काही सेकंद लागतात, म्हणून दोन सेकंदांच्या फायरिंगमध्ये ज्वालेचं तापमान मोजायचा नाद सोडा. नोझलच्या बाहेरच्या भिंतीवर लावा. फायरिंग संपल्यानंतर मिनिटभर तापमान चढतच राहतं, म्हणून रेकॉर्डिंग लगेच बंद करू नका.

रंगांत गफलत होते. अमेरिकन पद्धतीत पिवळा धन, लाल ऋण. आयईसी पद्धतीत हिरवा धन, पांढरा ऋण. लाल दिसला की धन समजणाऱ्या इलेक्ट्रिकलवाल्याकडून हमखास उलटं लागतं. जंक्शन चिमटीत धरा, आकडा वर गेला पाहिजे (मे महिन्यात ही युक्ती चालत नाही, गरम पाण्याचा पेला घ्या). केबल वाढवायची तर के टाइपचीच एक्स्टेन्शन केबल, साधी तांब्याची नाही.

६. व्हॉल्व्ह आणि इमर्जन्सी बटण

नियम एकच: वीज गेली की सिस्टिम आपोआप सुरक्षित झाली पाहिजे. मुख्य व्हॉल्व्ह मिटतात, व्हेंट उघडतो, दाब निघून जातो. व्हेंट नॉर्मली ओपन मिळाला नाही म्हणून क्लोज्ड लावला, तर वीज गेल्यावर भरलेली टाकी तुमच्याकडे बघत बसेल आणि तिच्याजवळ कोणी जायचं यावर वाद होईल.

सोलेनॉइड घेताना 'पायलट ऑपरेटेड' आहे का ते पाहा. त्याला उघडायला दोन्ही बाजूंत साधारण अर्धा बारचा फरक लागतो. शेवटचा दाब काढायच्या व्हेंटला तो नको, डायरेक्ट अॅक्टिंग घ्या.

ड्रायव्हर सर्किटमध्ये तीन गोष्टी विसरू नका. प्रत्येक कॉइलला उलटा १एन४००७ डायोड, नाहीतर व्हॉल्व्ह बंद होतानाचा विजेचा झटका मॉस्फेट (व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) किंवा कंट्रोलर जाळतो. मॉस्फेट लॉजिक लेव्हलचा हवा. आयआरएफझेड४४एन पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट मागतो, ५ व्होल्टच्या पिनवर तो अर्धवट उघडून तापतो. तिसरं म्हणजे गेटला १० किलोओहमचा पुलडाउन (गेट शून्यावर धरून ठेवणारा रेझिस्टर), कारण कंट्रोलर चालू होताना पिना क्षणभर अधांतरी असतात आणि तेवढ्यात व्हॉल्व्ह टकटक करतो. ईएसपी३२ हा कंट्रोलर वापरत असाल तर शून्य, दोन, बारा आणि पंधरा या पिनांवर व्हॉल्व्ह लावू नका, चिप सुरू कशी होते हे त्या ठरवतात. वाय-फाय चालू असताना त्याचा दुसरा एडीसी काम करत नाही, हेही ध्यानात ठेवा.

केबलची जाडी हिशेबाने घ्या. तीस मीटर लांब, अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडी जाऊन-येऊन २.१ ओहम भरते. तीन व्हॉल्व्ह मिळून ३ अँपिअर घेत असतील तर ६.३ व्होल्ट वाटेतच जातात. व्हॉल्व्हला मिळतात १७.७ आणि तो दहा टक्के कमीपर्यंतच खात्रीने उघडतो. टेबलावर चाललेली सिस्टिम मैदानात का चालत नाही, याचं उत्तर बहुधा हेच. दीड चौरस मिलिमीटर घ्या, किंवा बॅटरी आणि ड्रायव्हर स्टँडजवळ ठेवून फक्त सिग्नल लांब न्या.

इमर्जन्सी बटण सॉफ्टवेअरला 'विनंती' करणारं नको. त्याच्या नॉर्मली क्लोज्ड संपर्कातून व्हॉल्व्हची २४ व्होल्ट लाइनच गेली पाहिजे. बटण परत बाहेर ओढल्यावर वीज आपसूक येऊ नये म्हणून मोटर स्टार्टरला असतो तसा होल्डिंग रिले लावा. लॅपटॉपशी संपर्क अर्धा सेकंद तुटला तर कंट्रोलरने स्वतः सगळं बंद करावं. दोन्ही गोष्टी दर वेळी प्रत्यक्ष केबल उपटून तपासा.

७. डेटा

केबलचं शील्ड एकाच टोकाला, डीएक्यूच्या बाजूला जोडा. दोन्हीकडे जोडलं की ग्राउंड लूप (शील्डमधून फिरणारा नको असलेला प्रवाह) होतो आणि आलेखावर ५० हर्ट्झची नक्षी येते. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. डेटा लॅपटॉपवर तर जाईलच, पण स्टँडजवळच्या एसडी कार्डवरही लिहा. व्हॉल्व्हला आदेश जाताना पेटणारा एक एलईडी कॅमेऱ्याच्या चौकटीत ठेवला की व्हिडिओ आणि आलेख नंतर जुळवता येतात. मूळ फाइलला हात लावायचा नाही, गाळणी (फिल्टर) कॉपीवर.

८. पाण्याची चाचणी

आधी २२ बारचा रिलीफ व्हॉल्व्ह काढून ती जागा बंद करा, टाकी आणि पाइप पाण्याने पूर्ण भरून, हवा काढून, हातपंपाने दीडपट म्हणजे ३० बारपर्यंत न्या आणि अर्धा तास धरा. ही चाचणी गॅसने करायची नाही. पाणी दबत नाही, जोड सुटला तर थेंब उडतात. गॅस सुटला तर तुकडे उडतात.

मग रिलीफ व्हॉल्व्ह परत लावून नायट्रोजन. सिलिंडर साखळीने बांधलेला, जागा मोकळी. बंद खोलीत नायट्रोजन वास न येता प्राणवायू हटवतो. २ बार, ५ बार, १० बार असं चढत साबणाच्या पाण्याने गळती पाहा. फिटिंग दाबाखाली आवळायचं नाही, आधी दाब शून्य. रेग्युलेटर वीस बारवर ठेवून दहा मिनिटं नुसतं पाहा: आकडा हळूहळू वर सरकत असेल तर त्याची सीट गळते आहे. रिलीफ व्हॉल्व्ह रेग्युलेटरच्या पुढे लावतात तो यासाठीच.

प्रवाह मोजायला बादली आणि चांगला काटा पुरतो. दोन मिलिमीटरच्या एका भोकातून १० बारच्या फरकाला, डिस्चार्ज गुणांक (प्रत्यक्ष प्रवाह भागिले आदर्श प्रवाह) ०.६५ धरला तर, सेकंदाला ९१ ग्रॅम पाणी जातं. दहा सेकंदांत बादलीत ९१० ग्रॅम यायला हवं. ८००च भरलं तर गुणांक ०.५७ निघतो: भोकाच्या कडेला बर (ड्रिलने उठलेली धातूची खरखर) राहिली आहे, ड्रिल आकाराने कमी आहे किंवा दाब भोकापासून लांब मोजला जातोय. इंजेक्टरच्या (इंजिनात द्रव सोडणाऱ्या या भोकांच्या भागाच्या) अलीकडे लगेच एक ट्रान्समीटर हवा तो या शेवटच्या कारणासाठी. निदान तीन वेगवेगळ्या दाबांवर हेच करा.

व्हॉल्व्ह उघडायचा वेळही इथेच मिळतो: आदेश आणि इंजेक्टरच्या दाबाची पहिली हालचाल यांतलं अंतर. इंधन आणि ऑक्सिडायझर अशा दोन लाइनमधला हा फरक माहीत नसताना पुढचं काही ठरवता येत नाही.

९. नागपूरचं ऊन, नागपूरचा पाऊस

लोड सेलची तापमान-भरपाई बहुतेक वेळा ४० अंशांपर्यंतच असते. मे महिन्यात इथे सावलीतच ४५ होतं, उन्हातल्या लोखंडी पेटीत त्याहून कितीतरी जास्त. शून्य सरकतं, लॅपटॉप स्वतःहून बंद पडतो. सकाळी सहाला चाचणी ठेवा, सेल आणि पेटीवर पांढरा पत्रा, मध्ये हवा खेळायला जागा. ऊन एकाच बाजूने आलं तरी फ्रेम वाकून शून्य हलतं.

मृगाच्या सुमारास वीज कडाडते तेव्हा मैदानातली लांब केबल दोन्ही टोकांनी काढून ठेवा. पावसाळ्यात टर्मिनलवर दमटपणा बसला की मिलिव्होल्टचे सिग्नल भरकटतात. पेटीत सिलिका जेल ठेवा आणि केबल खालून आत घ्या.

१०. चाचणीच्या दिवशी

आदेश देणारा एक, बटणावर हात असलेला दुसरा, चेकलिस्ट मोठ्याने वाचणारा तिसरा. एकाने दोन कामं करायची नाहीत. दाब भरायच्या आधी दहा सेकंदांचं शून्य नोंदवा, संपल्यावर पुन्हा दहा. दोन शून्यांत अर्ध्या किलोचा फरक आला तर ती चाचणी थ्रस्टसाठी बाद धरा. दाबाचे आकडे वापरता येतील.

संपलं की सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, मग व्हेंट, मग दोन वेगळ्या सेन्सरवर शून्य दिसेपर्यंत थांबा. कोणी स्टँडजवळ जायचं ते त्यानंतर. कॅलिब्रेशनचा गुणक आणि तारीख पक्क्या शाईने पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, पुढची बॅच फाइल शोधत बसणार नाही.